श्रीधरच्या गिटारीला नव्या तारा

ऐकायचंच आहे ना? मग आधी हातातला चहा संपवून टाका. मागे एकदा हा किस्सा सांगताना एका मैत्रिणीला असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर आला, आणि वर ती मलाच बोलली!

तसे मी आयुष्यात घोळ पुष्कळ घातलेत. साखरेच्या जागी मीठ, चुकीच्या घरी हळदीकुंकू, सगळं झालंय. पण ह्या एका घोळापायी माझं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती. तेही कशावरून? वीतभर लाकडाच्या पट्टीवरून!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा बोरिवली पूर्वेला राहायचो. आई, बाबा आणि मी. आईबाबा मूळचे कुडाळकडचे, घरात बोलणं मालवणी. बाबा गिरणीत मेकॅनिक होते. संप झाला, गिरणी बसली, मग बाबा जवळच्याच एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला लागले. पण तोंडात कायम मिल. घरातला पंखा कुरकुरला तरी, "मिलमध्ये असतो तर..." म्हणून सुरुवात! हत्यारांची पिशवी उशाशी घेऊन झोपणारा माणूस तो.

आणि मी त्यांची एकुलती एक लेक, कुंदा. अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. फ्यूज उडाला तर मी बसवणार, शिवणयंत्राचा पट्टा सुटला तर मी चढवणार. मला काही येत नाही असं मला कधी वाटायचंच नाही. तोच तर प्रॉब्लेम होता!

नुकताच माझा साखरपुडा झाला होता. मुलगा मुलुंडचा, श्रीधर सावंत. बँकेत नोकरी, स्वभावाने शांत, दिसायला बरा, आणि इथे माझा जीव अडकला, तो गिटार वाजवायचा! आमच्या नात्यात वाद्य म्हटलं की भजनातले टाळ आणि पखवाज. त्यात हा गिटारवाला नवरा! ऑफिसात मी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी जिन्यात दिसले की पोरी हवेतल्या हवेत गिटार वाजवून दाखवायच्या.

माझ्या होणाऱ्या सासूबाईंना मात्र ती गिटार डोळ्यासमोर नको असायची. त्या तिला 'डबडं' म्हणायच्या. "बँकेतून आला की ते डबडं घेऊन बसतो," असं त्यांनी साखरपुड्यातच सगळ्यांना ऐकवलं होतं.

तर त्या वर्षी नवरात्रात एका संध्याकाळी श्रीधर आमच्या दारात. खांद्याला खोळीतली गिटार. मुलुंडहून पवई, आरे कॉलनी करत बसने आला होता बिचारा.

"घरी रंगकाम काढलंय," तो म्हणाला. "सगळं सामान चादरीखाली. हिच्यावर शिंतोडे उडाले तर?"

"कुणावर?"

"गिटारवर गं! तुझ्याकडे ठेवतो. दसऱ्याला सकाळी आई आणि मी सोनं द्यायला येऊच. तिथूनच मी गोरेगावला जाईन. संध्याकाळी प्रोग्रॅम आहे आमच्या ऑर्केस्ट्राचा. आणि कुंदा, ह्या वेळी पहिल्यांदाच मला एकट्याला एक अख्खं गाणं वाजवायला दिलंय."

"खरंच?"

"हो. आई पण येणार आहे ऐकायला. कशीबशी तयार झालीय. हे नीट झालं ना, की ती पुन्हा डबडं म्हणायची नाही. तू येशील ना?"

येशील ना? अहो, मी तर पहिल्या रांगेत चटई टाकून बसले असते!

जाता जाता तो सहज म्हणाला, "तारा पार गंजल्यात. नव्या घेऊन ठेवल्यात, त्या खोळीच्या खिशात आहेत. पण बदलायला सवड कुठाय? बघू, दसऱ्याला सकाळी."

झालं! तो जिना उतरायच्या आत माझ्या डोक्यात प्लॅन तयार. आपण तारा बदलून ठेवायच्या. दसऱ्याला तो खोळ उघडणार, बघतो तर काय, नव्याकोऱ्या चकाचक तारा! तो म्हणणार, "कुंदा, तू?" मी नुसती मान खाली घालून हसणार. किती वेळा मी ते हसणं आरशासमोर करून बघितलं, विचारू नका.

तुम्ही म्हणाल, कुणाला विचारलं का, तारा कशा बदलतात? कशाला विचारायचं? मेकॅनिकची मुलगी ना मी!

अष्टमीला रविवार आला. दुपारी आई बाजारात, बाबा झोपलेले. मी गिटार खाटेवर आडवी घातली. बघितलं तर सोपंच होतं हो. वर खुंट्या, त्या पिळायच्या, तारा सैल. खाली एक पितळी पट्टा, त्यात तारांची दुसरी टोकं अडकवलेली, ती काढायची. मधे तारांच्या खाली एक लाकडाची आडवी पट्टी उभी. तिच्यावरून तारा गेलेल्या. तिला ब्रिज म्हणतात हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

म्हटलं, एकेक तार कशाला बदलत बसायचं? सगळ्या एकदम काढू, म्हणजे खालची धूळही पुसता येईल. काढल्या सगळ्या. आणि पुसायला म्हणून गिटार उचलली, तर,

टप्!

ती लाकडाची पट्टी जमिनीवर!

मी जागच्या जागी थिजले. हातात गिटार, पायाशी पट्टी. मोडली! श्रीधरची गिटार मी मोडली! मी ती पट्टी उचलून जागेवर ठेवली, पुन्हा पडली. ठेवली, पडली. वाट लागली माझी!

आता माझी एक सवय ऐका. मी घाबरले की मला साफसफाई सुचते. बोर्डाचा निकाल लागायचा होता तेव्हा मी अख्खं फळीवरचं सामान धुऊन काढलं होतं. तशीच आताही सुटले. पट्टी जिथून निघाली होती तिथे काळपट आडवा डाग होता. म्हटलं, अरे देवा, किती हा मळ! खोबरेल तेल आणलं, दातांचा जुना ब्रश आणला, आणि असा घासला तो डाग, असा घासला की नावाला उरला नाही. गिटार लखलखायला लागली.

पट्टी नेमकी कुठे उभी होती, ह्याचा तेवढाच एक पुरावा होता. तो मी स्वतःच्या हाताने घासून टाकला!

तेवढ्यात आई आली. दारातूनच, "काय पडला गो?"

"काय नाय."

"काय नाय कसा? आवाज इलो माका जिन्यात." मग तिने खाटेवर बघितलं आणि हातातली पिशवी तिथेच सोडली. "अरे माझ्या कर्मा! जावयाचा वाद्य मोडलंस?"

"मी नुसत्या तारा काढल्या गं!"

"कित्याक काढलंस? तुका कोणी सांगितल्यान? दसरो तोंडार इलो आणि वाद्य मोडला! तुजी सासू काय म्हणतली? पोरगी घरात येवच्या आधीच मोडतोड!"

मी रडायला लागले. खरंच सांगते, तेव्हा मला तेच दिसत होतं. त्याचं पहिलं एकट्याचं गाणं जाणार, सासूबाई 'डबडं' म्हणायच्या त्या म्हणणारच, आणि श्रीधर... तो काही बोलणार नाही. तो नुसता बघेल. ते बघणं मला सोसलं नसतं. मला तो फार आवडायला लागला होता हो.

माझं रडणं ऐकून बाबा उठले. चष्मा लावला, पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली. आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना खरंखुरं काम दिलं होतं.

"रडतंस कित्याक? लाकूड निघाला, लाकूड बसयतलंय! मिलमध्ये अख्खे लूम खोलून जोडलंय मी. असा बसयतंय की तुज्या नातवंडांक पण हलाचा नाय."

"पण बाबा, ती पट्टी होती कुठे?"

आई म्हणाली, जरा वर होती. मी म्हणाले, जरा खाली होती. बाबा म्हणाले, अंदाजपंचे काम आपण करत नाही, माप पाहिजे. आणि त्यांची नजर गेली भिंतीवर.

भिंतीवर वाण्याने दिलेलं कॅलेंडर. त्यावर चितारलेली एक बाई, नदीकाठी दगडावर बसून, हातात गिटार!

बाबांनी कॅलेंडर उतरवलं. फूटपट्टी लावून चित्रातली गिटार मोजली, मग खरी मोजली, मग कागदावर बराच वेळ गुणाकार-भागाकार केले. मिलमधला माणूस, हिशोब एकदम चोख! शेवटी गिटारीवर पेन्सिलने खूण केली. "हयसर."

आम्हा तिघांनाही पटलं. त्या चित्रकाराने आयुष्यात कधी खरी गिटार बघितली होती का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. त्या बाईच्या हाताला बोटंही सहा होती, ते मला कितीतरी नंतर दिसलं.

मग बाबांनी दोन ट्यूबा कालवून लावायचा तो भक्कम गोंद काढला. पट्टी जरा बुटकी वाटली म्हणून खाली प्लायवूडचं पॅकिंग घातलं. आणि नुसत्या गोंदावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून दोन भोकं पाडून नटबोल्ट! गिटारीला, हां! नटबोल्ट!

आतून नट धरायला कुणाचा हात जाणार? माझा, बारीक म्हणून. मी गिटारीच्या तोंडातून हात आत घातला, नट धरले, बाबांनी पिळले. झकास बसले. आणि हात काही बाहेर येईना!

"ओढ."

"ओढतेय!"

"बांगड्यो अडाकल्यो तुज्यो," आई म्हणाली, आणि साबण घेऊन आली. साखरपुड्याच्या हिरव्या बांगड्या त्या. एक फुटली ती आतच राहिली. शेजारची बाई नेमकी तेव्हाच दूध मागायला आली. तिने बघितलं, कुंदाने गिटार हातात घातलीय आणि आई तिच्या कोपराला साबण लावतेय. ती दूध न मागताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी नवमी. सकाळी गोंद दगडासारखा झाला होता. आता तारा लावायच्या. सहा तारा, काही जाड, काही बारीक. कुठली कुठे? मी आपला घरचा नियम लावला. मांडणीवर आपण काय करतो? जड डबे खाली, हलके वर. मग जाड तारा खालच्या बाजूला, बारीक वरच्या बाजूला. शहाणपणाचं आहे की नाही सांगा! लावल्या, खुंट्या पिळल्या, ताठ झाल्या. आता फक्त वाजवून बघू म्हणून बोट पुढे नेलं, तर आईने मागून गिटार उचलली.

"खंय नेतंस?"

"पूजेक!"

आज खंडेनवमी ना! आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. बाबांची हातोडी, पाने, पक्कड, माझी शिवणकामाची कात्री, आईची विळीसुद्धा. आणि मधोमध पाटावर, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून, श्रीधरची गिटार! बाबांनी मंत्र म्हणत अक्षता टाकल्या. अर्ध्या गिटारीवर पडल्या, अर्ध्या सरळ तिच्या पोटात.

"आई, मला जरा वाजवून बघू दे."

"पूजेतला हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होयसर हलवूचा नाय. माहीत नाय तुका?"

माहीत होतं. लहानपणी पुस्तकं पूजेत ठेवून ह्या एका नियमावर मी दर वर्षी अभ्यास बुडवला होता. पण ह्या वर्षी तोच नियम माझ्या मुळावर आला! दिवसभर मी त्या पाटाभोवती घिरट्या घालतेय आणि आई तिथेच बसून वाती वळतेय. एक तार छेडायला मिळाली नाही.

रात्री आईने सगळ्यांना तंबी दिली. "कोणी एक शब्द बोलाचो नाय. काय झाला नाय, काय मोडला नाय. समाजला?"

दसरा उजाडला. श्रीधर आणि सावंतकाकू, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, आपट्याची पानं घेऊन आले. काकूंनी आत पाऊल टाकलं आणि त्यांची नजर पाटावर गेली. मी डोळे मिटले.

"अगोबाई!" काकू म्हणाल्या. "श्रीधर, बघ तरी! तुझ्या डबड्याची ह्यांनी पूजा मांडलीय!" आणि त्यांनी चक्क हात जोडले. "आम्हाला कधी सुचलं नाही हो. विद्याच ती शेवटी. किती चांगले संस्कार तुमचे!"

श्रीधर माझ्याकडे बघून असा हसला, असा हसला, की माझं काळीज पाणी पाणी झालं. अहो, रागावला असता तर परवडलं असतं! आई विजयी मुद्रेने करंज्या वाढतेय, बाबा छाती फुगवून उभे, काकू कौतुक करतायत, आणि मी माळेआडच्या त्या नटबोल्टांकडे बघतेय. शेवटी बाबांनी उत्तरपूजा केली, श्रीधर गिटार घ्यायला वाकला, आणि माझ्या तोंडून एकदम फुटलं,

"मी मोडली!"

"काय मोडलं?"

"तुमची गिटार! सरप्राइज द्यायचं होतं मला! तारा काढल्या आणि ती पट्टी तुटून पडली, मग बाबांनी चिकटवली, मला माफ करा, तुम्हाला लग्न मोडायचं असेल तर मोडा, मी काही म्हणणार नाही!"

आईने कपाळाला हात लावला. काकूंची करंजी हातातच राहिली.

श्रीधर शांतपणे म्हणाला, "कुठली पट्टी? ब्रिज?"

"जी पडली ती!"

"अगं, ती पडतेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ती चिकटवलेली नसतेच मुळी. तारांच्या दाबाने उभी राहते. सगळ्या तारा काढल्या की पडते. पुन्हा ठेवायची, तारा ताणायच्या, झालं! म्हणून तर आम्ही एकेक तार बदलतो."

म्हणजे काही मोडलंच नव्हतं! दोन दिवस मी रडले कशासाठी? त्या गिटारीला काडीचंही काही झालं नव्हतं. जे काही झालं होतं ते सगळं आमच्या दुरुस्तीने झालं होतं!

श्रीधरने मग गिटार नीट बघितली. "हे... नटबोल्ट आहेत?"

"आतून वायसरसुद्धा घातलेत," बाबा अभिमानाने म्हणाले.

त्याने गिटार हलवली. खुळखुळ, खुळखुळ. "आणि हे काय वाजतंय?"

"अक्षता," मी म्हणाले. "आणि एक बांगडी."

बाबांचा चेहरा आता पडला होता. त्यांनी घाईघाईने बोल्ट काढले, मग पट्टी ओढून बघितली, ठोकून बघितली. पण गोंद कुणाचा? बाबांचा! पट्टी हलेना. श्रीधरने तारा नीट क्रमाने लावून घेतल्या, एकेक करून, मला दाखवत. मग सूर जुळवून वाजवायला गेला. नुसती तार छेडली तर बरोबर. पण डाव्या हाताने बोट दाबून वाजवली, की असा बेसूर आवाज, असा बेसूर, की खालच्या मजल्यावरचं पोर रडायला लागलं.

"पट्टीची जागा चुकली की दाबलेला प्रत्येक सूर चुकतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

संध्याकाळी प्रोग्रॅम. दुसरी गिटार अशी ऐन वेळी मागायची कुणाकडे? काकूंनी हळूच श्रीधरच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

तो बराच वेळ गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला होता. नुसत्या तारा छेडत. मग एकदम पाटाकडे बघून म्हणाला, "काका, तो पाना द्या जरा."

"फोडू नका हो!" मी किंचाळले.

"फोडत नाही गं. तो गोल दांड्याचा पाना द्या."

हळदकुंकू लागलेला तो पाना त्याने डाव्या हातात धरला, तारांवर आडवा टेकवला, उजव्या हाताने तार छेडली आणि पाना सरकवला. आणि काय सांगू! असा गोड, लांबलचक, लहरत जाणारा सूर निघाला की आई करंज्यांचं ताट घेऊन दारातच थांबली.

हवाईयन गिटार! ती अशीच वाजवतात, मांडीवर आडवी घालून, वर लोखंड सरकवून. तिथे बोट दाबायचंच नसतं, सूर कानाने शोधायचा. मग पट्टी कुठे का असेना! उलट तारा उंच लागतात त्याला, आणि बाबांच्या प्लायवूडने त्या आधीच उंच केल्या होत्या. श्रीधर पूर्वी कधीतरी ते थोडंफार शिकला होता. दुपारभर बसून त्याने गाणं बसवलं. जेवलासुद्धा नाही.

संध्याकाळी गोरेगावच्या मांडवात तो बसला, मांडीवर गिटार, हातात बाबांचा पाना. मी पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींचा हात कधी धरला ते कळलंच नाही. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. ऑर्केस्ट्राचे मास्तर दळवी माइकवर म्हणाले, "वा! आणि सुरांच्या मागे तो बारीक खुळखुळ ताल, तो काय खास!"

काकू शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माझा मुलगा. गिटार वाजवतो." गिटार, हां! डबडं नाही!

इथे किस्सा संपला असता तर किती छान झालं असतं. पण मी आहे ना!

मध्यंतरात लोक श्रीधरला विचारायला लागले, ही अशी गिटार कुठे मिळाली? तो हसत म्हणाला, "आमच्या हिने बनवली." झालं, सगळे माझ्याभोवती. आणि कौतुक झालं की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मी सांगितलं, पट्टीची जागा मुद्दाम बदलावी लागते. पॅकिंगचं माप काढावं लागतं. पोटात अक्षता किती घालायच्या त्याचाही अंदाज लागतो. लोक माना डोलावतायत!

दळवी मास्तर हात जोडत आले. "वहिनी, तुम्ही तर जाणकार निघालात. माझ्या गिटारीची एक तार आत्ताच तुटली. मी जरा गायिकेला बघून येतो. तेवढी बदलून ठेवाल?"

"एवढंच ना? द्या इकडे!"

श्रीधर कुठे होता? चहावाल्यापाशी, लोकांच्या गराड्यात.

मास्तरांची गिटार मोठी सुरेख होती. काळीभोर, चमकदार. पण तिच्यात खाली पितळी पट्टा नव्हताच. तारा थेट लाकडाच्या पट्टीतच घुसलेल्या, प्रत्येक भोकात एक छोटी खुंटी ठोकलेली. तुटलेल्या तारेचा तुकडा आत अडकला होता, तो काही केल्या निघेना. मी विचार केला. मग आठवलं, अरे, पट्टी तर निघतेच ना! एकेक तार बदलली तर पट्टी पडत नाही, हे श्रीधरने मला शिकवलं होतं. पण मला तर ती पडायलाच हवी होती! मी भराभरा सगळ्या तारा सैल केल्या.

पट्टी पडेना. गिटार उलटी केली, हलवली, पडेना. म्हटलं, दमट हवेने बसली असेल घट्ट. मांडववाल्याकडून एक भलामोठा स्क्रू ड्रायव्हर मागून आणला, पट्टीखाली सारला, आणि गुडघा टेकवून दिला जोर!

कड्ड्ड!

निघाली एकदाची. जरा लाकडाची सालपटं आली सोबत, पण म्हटलं, जुना मळ असेल.

तेवढ्यात मास्तर आले, मागून श्रीधर, त्याच्या मागून काकू. मास्तरांनी माझ्या हातातली पट्टी बघितली, गिटारीच्या छातीवरची जखम बघितली, आणि ते हळूहळू तबल्याच्या पेटीवर बसले.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, एकदम समजुतीच्या सुरात सांगितलं, "घाबरू नका मास्तर. काही मोडलेलं नाही. ही निघतेच. तारांच्या दाबाने उभी राहते."

श्रीधर माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "कुंदा, ही चिकटवलेली असते."

आता तुम्ही विचाराल, मग लग्न? झालं ना! तेव्हाच्या तेव्हा काकूंनीच मुहूर्ताची घाई केली. म्हणाल्या, हिला मोकळी ठेवण्यापेक्षा आपल्या नजरेसमोर असलेली बरी! आणि दळवी मास्तरसुद्धा मोठ्या मनाचे, अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नात वाजवायला आले. ढोलकी होती, ताशा होता, बासरी होती, सनई, झांजा, सगळं होतं.

मी अंतरपाटाच्या आडून मान वाकडी करून विचारलं, "मास्तर, गिटार कुठे दिसत नाही ती?"

मास्तरांनी दुरूनच हात जोडले. "वहिनी, गिटार, सतार, व्हायोलिन, सगळं घरी कुलपात आहे. तुमच्या लग्नात फक्त फुंकायची आणि बडवायची वाद्यं!"